टिंबानंतरची तीन अक्षरं

खैरनारसाहेब, आमच्या घराची गोष्ट तुम्ही कधी विचारली नाहीत आणि मीही सांगितली नाही. सौदीतल्या जुबैलला इतकी वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो, एकाच कंपनीच्या बसने गेलो-आलो, पण माझ्याविषयी तुम्हाला एवढंच माहीत होतं की हा रायगडचा काझी, बी.एस्सी. झालेला, आणि हट्टी. आता तुम्ही नाही, तर ती गोष्ट सांगतो. तिच्याशिवाय आपलं भांडण कुणाला कळायचं नाही.

माझे बाबा होड्या बांधायचे. खाडीच्या काठाला त्यांचा मांडव असायचा. काम लागलं की आमच्याकडे भात शिजायचा, काम संपलं की पेज. पावसाळ्यात मांडव उतरायचा आणि मग ती पेजही पातळ व्हायची. आई दुसऱ्यांची मासळी सुकवायला जायची आणि पदरात थोडी सुकट घेऊन यायची. थोरल्या बहिणीची शाळा त्यातच सुटली. घरात सही कुणालाच येत नव्हती. जिथे नाव लिहायचं तिथे आमच्या घरातल्या माणसांचा अंगठा उमटायचा, आणि अंगठ्याकडे बघून माणूस ओळखू येत नाही.

होडी पाण्यात लोटायच्या दिवशी नारळ फुटायचा. होडीच्या पुढच्या टोकावर मालकाचं नाव रंगवलेलं असायचं. बाबा आम्हा पोरांना घेऊन गर्दीच्या मागे उभे राहायचे. एकदा बाहेरगावच्या कुणी तरी विचारलं, "कोणी बांधली हो ही?" मालक म्हणाला, "मी." बाबा तिथेच, चार हातांवर होते. काही बोलले नाहीत. घरी येताना मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "त्याची लाकडं, त्याची होडी."

हे वाक्य मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुणालाही सांगतो, गर्व वाटला तर वाटू दे. मी शिकलो तो या वाक्याच्या रागाने शिकलो.

तुमच्या सेक्शनला मी रुजू झालो तेव्हा तुम्ही सुट्टीवर नाशिकला होता. खोलीत नवीन आलेल्या डॉसच्या मशीन होत्या, कोपऱ्यात डॉसच्याही आधीच्या सीपीएमचं एक जुनं मशीन फडक्याखाली झाकून ठेवलेलं होतं आणि टेबलांवर फ्लॉपींचे ढीग होते. मला पंपांच्या कंपनाचे आकडे भरायचं काम दिलं. आकडे भरायचा एक छोटा प्रोग्राम होता, तो सुरुवातीला फाईलचं नाव विचारायचा. शेजारच्या माणसाने तिथला रिवाज सांगितला: टिंबाच्या आधी आठ अक्षरांत पंपाचं नाव बसवायचं आणि टिंबानंतर आपलं शेपूट लावायचं. शेपूट म्हणजे आपल्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं. फ्लॉपी शिफ्टमागून शिफ्ट हातोहात फिरायची. फाईल न उघडता कळायला हवं की ही कुणाची, काही अडलं तर कुणाला विचारायचं. तुमचं शेपूट एमटीके. मधुकर तुळशीराम खैरनार. हा रिवाज तुम्हीच पाडला होता.

मी बशीर अब्दुल्ला काझी. बी-ए-के. मोठ्या ऐटीत मी ते शेपूट लावत गेलो. अंगठेबहाद्दरांच्या घरातला मुलगा, आणि प्रत्येक फाईलवर माझं नाव. तुम्ही तोंडभर हसाल, पण घरी कधी कुणाला न मिळालेली गोष्ट मला मिळाली असं मला तेव्हा वाटलं.

तुम्ही परत आलात. पहिल्याच बुधवारी दुपारी, गुरुवार-जुम्म्याच्या सुट्टीआधी, तुम्ही तुमच्या सवयीने फ्लॉप्या साफ करायला बसलात. आपला एडिटर फाईल बदलली की जुनी प्रत बीएके या शेपटाने बाजूला ठेवायचा, आणि त्या जुन्या प्रती दर आठवड्याला पुसायचं काम तुम्ही दुसऱ्या कुणाला देत नव्हता. एका हुकमात सगळ्या बीएके फायली खलास. त्यात माझं सगळं कामही खलास.

मी विचारायला आलो तेव्हा तुम्ही आधी स्क्रीनकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि हसायला लागलात. चष्मा काढून डोळे पुसलेत.

"अरे काझी, तुझ्या आईवडिलांनी तुला बॅकअप म्हणून जन्माला घातलं काय?"

सगळी खोली हसली. मी नाही हसलो.

"साहेब, नाव माझं आहे. मी बदलणार नाही. तुम्ही तुमची साफसफाई बदला."

"मशीनला तुझं नाव माहीत नाही रे. त्याला तीन अक्षरं तेवढी माहीत आहेत."

"पण तीनच का? चार असती तर मी आडनाव पुरतं लिहिलं असतं आणि हे झालं नसतं."

या प्रश्नावर तुमचं हसू थांबलं. "चल," म्हणालात. पॅन्ट्रीत नेऊन चहा ओतलात आणि कुणी तरी ठेवलेलं खजुराचं ताट पुढे ओढलंत.

तुम्ही जे सांगितलंत ते मला आजही तसंच्या तसं आठवतं. तरुणपणी तुम्ही मुंबईच्या एका संस्थेत खोलीभर पसरलेल्या मशीनवर काम केलं होतं. त्याच्या आठवणीचं एक घर छत्तीस बिटांचं. एका अक्षराला सहा बिट. म्हणजे एका घरात अक्षरं किती? तुम्ही बशीत खजूर मोजून ठेवलेत, सहा. "हे फाईलचं नाव. एक घर भरलं." मग दुसरी बशी घेतलीत. "दुसऱ्या घरातल्या अर्ध्या भागात, फाईल डिस्कवर कुठे ठेवली आहे तो पत्ता. उरलं अर्धं. अर्ध्यात किती मावतात?" मी म्हटलं, तीन. "ही तुझी तीन अक्षरं. कुणी ज्योतिष बघून ठरवली नाहीत. तेवढी जागा उरली होती."

त्याच्याही आधी एका परदेशी विद्यापीठात फाईलला सरळ दोन नावं द्यायचे, म्हणालात, एक फाईलचं आणि एक ती कसली आहे त्याचं. ती कल्पना या उरलेल्या अर्ध्या घरात येऊन बसली. हा माणसाने लिहिलेला प्रोग्राम, हा त्याचा मशीनच्या भाषेतला अवतार, हे ओळखण्यापुरती. सक्ती कसली नव्हती. पुढे छोटी मशीन आली, सहाची आठ अक्षरं झाली, पण शेपूट तीनचंच राहिलं, कारण सगळ्यांना तीनची सवय झाली होती. सीपीएममध्ये तीन, म्हणून डॉसमध्येही तीन.

"आणि ते टिंब?" मी विचारलं.

"टिंब डिस्कवर नसतंच," तुम्ही म्हणालात. "आठ अक्षरं आणि लगेच तीन. मधे काही नाही. टिंब आपल्याला दाखवण्यापुरतं."

मग दुसऱ्या बशीतला एक खजूर उचलून खाल्लात आणि माझ्या डोक्यात कायमचं बसलेलं वाक्य बोललात. "तेव्हा बाबा रे, ही उरलेली जागा आहे. उरलेल्या जागेत माणसाने फार अकड दाखवू नये. तू बीकेझेड घे."

मी घेतलं. तुमचं सांगणं मला समजलं होतं आणि समजलेल्या गोष्टीशी मी भांडत नाही. पण राग गेला नाही. इतकी वर्षं मी बीकेझेड होतो, साहेब, आणि ते माझं नाव नव्हतं.

तुमचे उपकारही लिहितो, नाही तर तुम्ही म्हणाल काझीने नेमकं तेवढंच गाळलं. पुढच्या एका मोठ्या शटडाऊनला, दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना, माझ्या दुप्पट वयाचा फोरमन तुमच्यापुढे येऊन उभा राहिला आणि एका पंपाचं विचारायला लागला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शेपूट बघ. बीकेझेड आहे. ज्याचं त्याला विचार." तो माझ्याकडे आला. मी सांगितलं. त्याने ऐकलं आणि तसंच केलं. तुम्हाला हा प्रसंग आठवतही नसेल. आमच्या घरात तोपर्यंत कुणी कुणाला विचारायला आलेलं नव्हतं.

आणि तुमच्या स्वतःच्या फायली. कुठला पंप कसा सुरू करायचा, कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, कुठल्या आवाजाला घाबरायचं आणि कुठल्याला नाही. उन्हात पंपाजवळ उभं राहून, ऑपरेटरकडून एकेक पायरी करून घेऊन मग तुम्ही लिहायचात. इंग्रजी साधं, शाळकरी पोराला कळेल असं. शिफ्टवाले त्यांना 'प्रोसीजर' म्हणतच नसत. काही बिघडलं की एकमेकांना म्हणायचे, "एमटीके बघ." केरळचा, पाकिस्तानचा, फिलिपिन्सचा, सगळ्यांच्या तोंडी तेच. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात, पण तुमचा चेहरा मी बघितलेला आहे.

मग सौदीकरण आलं, परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं बसवायची. आधी ते वर्तमानपत्रात होतं, मग कॅम्पच्या मेसमधल्या गप्पांत आलं, मग एके सकाळी तुमच्या टेबलाशेजारी एक नवी खुर्ची येऊन ठेवली गेली. तिचा अर्थ काय, ते कुणाला सांगावं लागलं नाही. मेसमध्ये कुणी तरी टोमणा मारलाच.

"काय खैरनारसाहेब, खुर्ची आली म्हणे?"

"आली. माझ्यापेक्षा चांगली आहे. तिला चाकं आहेत."

खुर्चीवर बदर आला. तरुण, दम्मामला शिकलेला. त्याचा राग करायची माझी पूर्ण तयारी होती, पण त्या पोराने मला तेवढीही सोय ठेवली नाही. वेळेवर यायचा. घरून गाव्याचा, अरबी कॉफीचा, थर्मास आणून आधी तुमचा कप भरायचा. तुम्हाला 'मिस्टर खैर' म्हणायचा. न कळलं तर परत विचारायचा, लाजायचा नाही. आणि तुम्ही त्याला सगळं शिकवलंत, हातचं काही राखलं नाहीत. दुपारच्या उन्हात त्याला घेऊन पंपांमधून फिरायचात, हेल्मेटखाली रुमाल बांधून, आणि मी काचेतून बघायचो. तुमची जागा घ्यायला आलेल्या माणसाला तुम्ही त्या जागेवर बसायला शिकवत होता.

मी एकदा बसमध्ये म्हटलं, "साहेब, थोडं मागे ठेवा. निदान त्यांना तुमची गरज तरी राहील."

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "त्याचा देश, त्याची खुर्ची, काझी."

मी पुढे बोललो नाही. तुम्हाला वाटलं असेल मला पटलं. मला बाबांचा मांडव दिसत होता. तेच वाक्य, नुसतं होडीच्या ठिकाणी खुर्ची. ज्याच्यापासून पळून मी समुद्र ओलांडून आलो, ते माझ्याआधीच येऊन तुमच्या शेजारी बसलं होतं. आणि बाबांना निदान लिहिता येत नव्हतं, साहेब. तुम्हाला येत होतं.

तुमच्या नोटिशीचे दिवस चालू असतानाच नवी सिस्टीम आली. सगळ्या फायली आता एका मोठ्या सर्व्हरवर, एका छताखाली. ती बसवायला कंत्राटदाराने नितीन नावाचा इंजिनियर पाठवला होता. पुण्याचा. आपल्याशी मराठीत बोलायचा, म्हणून आपल्याला बरं वाटलं होतं.

"सर, सिस्टीम टिंबानंतरचं बघून ठरवते फाईल कसली आहे," तो म्हणाला. "डॉक असेल तर वर्डची, डीडब्ल्यूजी असेल तर ड्रॉइंग. या तुमच्या इथे एमटीके दिसतंय. एमटीके म्हणजे काय?"

"मी," तुम्ही म्हणालात.

नितीन हसला. "सर, सिस्टीमला 'मी' चालत नाही."

ज्या फायली सिस्टीमला ओळखता येत नव्हत्या त्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाणार होत्या आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुसल्या जाणार होत्या. शेपूट बदलून टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, केलं की झालं. एक हुकूम. सेक्शनच्या इतरांनी केला. मीही माझ्या फायलींवर केला. बीकेझेड तसंही माझं नव्हतं, मला काय त्याचं. तुम्ही केला नाहीत. नितीनने विचारलं, मुदीरने, आपल्या मॅनेजरने, विचारलं. "बघतो," म्हणालात आणि बघितलं नाहीत.

म्हणून मी शुक्रवारी तुमच्या खोलीवर आलो. तुम्ही सामान बांधत होता. दोरीने आवळलेली खोकी भिंतीला लावून ठेवलेली, आणि तुम्ही जाड मार्करने प्रत्येक खोक्याच्या चारी बाजूंना नाव लिहीत होता. एम. टी. खैरनार, नाशिक.

"एका बाजूला पुरे की, साहेब."

"पट्ट्यावर खोकं कसं पडेल सांगता येतं काय? विमानतळावर सगळी खोकी सारखीच दिसतात."

मी खाली बसलो आणि दोरीचं टोक धरलं. म्हटलं, "फायलींचं काय करताय?"

"काही नाही."

"तीन अक्षरं तर बदलायची आहेत. तुम्ही म्हणा, मी करतो."

"आणि मग त्या कुणी लिहिल्या ते कुठे दिसणार?"

"आत लिहू ना. पहिल्या पानावर."

"पहिलं पान पहिल्या दुरुस्तीला बदलतात, काझी. तूच किती बदललीस. आणि पी-एकशेएक पंपाची माझी फाईल वेगळी, तुझी वेगळी. तुझं शेपूट कापलंस, आता माझंही कापलंस की दोन्ही एकाच नावाच्या होणार. मग एक राहील आणि दुसरी जाईल. कुठली राहील, सांग."

हे मला सुचलं नव्हतं. पण तोपर्यंत मी चिडलो होतो. तुमची खोकी बघून चिडलो होतो, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या जागी राहिलेल्या पांढऱ्या चौकोनाकडे बघून चिडलो होतो. मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं मला. उरलेल्या जागेत माणसाने फार अकड दाखवू नये."

तुम्ही मार्करचं टोपण लावलंत. बराच वेळ लावत होता.

"तेव्हा मला वाटायचं, मी उरलेल्यात नाही," म्हणालात.

मी म्हटलं, "मग पुसू दे?" तुम्ही म्हणालात, "पुसू दे." मी दोरीची गाठ मारली आणि उठलो. आपलं शेवटचं बोलणं ते. तुम्ही ऑफिसला निरोप घ्यायला येणार होता. बदरने केक आणून ठेवला होता. तुम्ही आला नाहीत. कंपनीच्या गाडीने परस्पर दम्मामला गेलात, फायनल एक्झिटचा शिक्का घेतलात आणि गेलात. केक दुपारी शिफ्टवाल्यांनी खाल्ला. कुणाचा आहे ते त्यांनी विचारलं नाही.

तुम्ही तिकडून फोन केला नाहीत, मीही केला नाही. मग परवा वहिनींचा आला. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि तसेच बसून राहिले, म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तुमचं नाव काढायचे हो, भाऊजी. काझी हट्टी आहे म्हणायचे." मी फोन ठेवला आणि मीटिंगला गेलो, कारण मीटिंग होती. तिथे सांगितलं की खैरनार वारले. नवा मुदीर म्हणाला, "खैरनार कोण?" मग कुणी तरी त्याला सांगितलं, त्याने मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. त्याचं तरी काय चुकलं? सिस्टीममध्ये तुमचं नाव शोधलं तर कुठेच येत नव्हतं. जुन्या फायलींच्या 'लेखक' या रकान्यात सिस्टीमने आपोआप त्याचं नाव घातलं होतं, ज्याने त्या सर्व्हरवर चढवल्या. सगळीकडे नितीन. अख्खा प्लांट जणू पुण्याच्या नितीनने लिहिला होता.

पुसायची मुदत आठवड्यावर आली होती. मी बदरकडे गेलो. तो आता तुमच्या टेबलावर बसतो, चाकांच्या खुर्चीवर. मी त्याला सांगितलं. त्याने हातातला कप खाली ठेवला.

"अल्ला यरहमू," म्हणाला. मग त्याच्या इंग्रजी-हिंदीत म्हणाला, "बशीर, एक सांगू? शिफ्टवर आता आमची नवीन मुलं आहेत. ती मला विचारतात, नव्या कॉम्प्रेसरचा एमटीके कुठे आहे? त्यांना वाटतं एमटीके हा कागदाचा एक प्रकार असतो. मॅन्युअल असतं, ड्रॉइंग असतं, तसा एमटीके. मी त्यांना सांगतो, नव्याचा एमटीके नाही. बनवणारा घरी गेला."

मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? आयुष्यभर तुम्ही म्हणत आलात की शेपटाने माणूस सांगावा, आणि मी म्हणत आलो की माणसाचं नाव आणि मशीनचा प्रकार एकच निघाले तर मशीनच जिंकणार. आणि इथे पोरं तुमच्या नावाला प्रकार समजून बसली होती. आपल्यापैकी कोण हरलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते भांडण तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात.

"तुला काय हवंय?" बदरने विचारलं.

"फायली यायला हव्यात. आणि नाव यायला हवं."

"माझ्या सहीशिवाय काही पुसलं जात नाही," तो म्हणाला. "मी सही करत नाही. तू कर काय करायचं ते. यल्ला."

मी बसलो आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. बी.एस्सी. काझीला तेवढं येतं. प्रत्येक फाईलचं शेपूट वाचायचं. लेखकाच्या रकान्यातून नितीनला काढायचं आणि त्या तीन अक्षरांच्या मालकाचं नाव पूर्ण लिहायचं. शेपूट कापायचं नाही, त्याच्यापुढे आणखी एक टिंब देऊन टीएक्सटी जोडायचं. आता नावं लांब चालतात, साहेब, आणि एका नावात टिंबं कितीही चालतात. पी-एकशेएक, टिंब, एमटीके, टिंब, टीएक्सटी. दोन फायली एकमेकींवर पडत नाहीत. आणि आता टिंब नुसतं दाखवण्यापुरतं राहिलेलं नाही. ते नावाबरोबर डिस्कवर खरोखर लिहिलं जातं. हे तुम्हाला सांगायला मला किती आवडलं असतं. खजुराचं ताट पुढे ओढलं असतं मी.

खरं सांगू? एका दुपारचं काम होतं. त्या शुक्रवारी तुमच्या खोक्यांमध्ये बसून दोघांनी मिळून केलं असतं तर अस्रची, उतरत्या दुपारची, नमाज व्हायच्या आत संपलं असतं, आणि तुम्ही नाव बघून गेला असता. पण तुम्हाला फायली वाचवायच्या नव्हत्या. तुम्हाला कुणी तरी येऊन म्हणायला हवं होतं की राहू द्या, साहेब, या तशाच चालतील, तुमच्यासाठी आम्ही सिस्टीम वाकवू. इतकी वर्षं राबून तेवढं एक ऐकायचं होतं. ते कंपनी म्हणाली नाही, मुदीर म्हणाला नाही, आपला मराठी बोलणारा नितीन म्हणाला नाही. आणि तुम्ही मागितलं नाहीत. बदरला सगळं शिकवलंत, फक्त एवढं सांगितलं नाहीत की या फायली माझ्या आहेत, सांभाळ. त्याला सांगितलं असतंत तर त्याने तेव्हाच केलं असतं. त्याने मला स्वतः हे सांगितलं. याचा राग मला कंपनीपेक्षा तुमचा जास्त येतो.

माझ्या बाबांच्या एकाही होडीवर बाबांचं नाव नाही. त्यांतली एकही आता पाण्यावर नसेल. गप्प राहणाऱ्या माणसांचं असंच होतं, हे मला लहानपणीच कळलं होतं, आणि तरी माझ्याच शेजारच्या टेबलावर तुम्ही गप्प राहिलात.

काल संध्याकाळी प्रोग्राम चालवला. बदर मागे उभा होता. मग त्याने शिफ्टच्या एका मुलाला बोलावलं आणि पी-एकशेएक उघडायला लावली. मुलाने लेखकाचा रकाना वाचला, एकेक अक्षर लावत, आणि विचारलं, "एमटीके म्हणजे हा माणूस?" बदर म्हणाला, "हो. हा माणूस."

तुमच्या सगळ्या फायली आल्या, साहेब. एकही पुसली गेली नाही. सगळ्या उघडतात, आणि प्रत्येकीवर तुमचं नाव आहे, मधुकर तुळशीराम खैरनार.